चाकांवरचे घर आणि सात फुटांचे दार

प्रस्तावना
अमेरिकेत अनेक कुटुंबे मोटारीमागे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ जोडून प्रवासाला निघतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची लहानशी खोली. तीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असते. प्रवास मात्र वर्षातील थोडेच दिवस चालतो. उरलेले दिवस हे घर ठेवायचे कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर आपण या पाठात अभ्यासणार आहोत.

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण–
• ट्रेलर गॅरेजमध्ये ठेवण्याची कारणे सांगू शकाल;
• उंची कमी करण्याचे उपाय योग्य क्रमाने मांडू शकाल;
• सोय आणि सुरक्षितता यांतील भेद स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरचा खरा शत्रू म्हणजे ऊन आणि पाणी. उन्हाने छताच्या सांध्यांतील लांबी तडकते, फटींतून पाणी झिरपते आणि आतील लाकूड कुजू लागते. शिवाय अनेक वसाहतींच्या नियमांनुसार घरासमोर ट्रेलर उभा करता येत नाही. भाड्याची जागा घ्यावी, तर दरमहा खर्च येतो. म्हणून मालकाची नजर स्वतःच्या गॅरेजकडे वळते.

पण तेथील दार बहुधा सात फूट, म्हणजे ८४ इंच उंच असते आणि बहुतेक ट्रेलर त्याहून उंच असतात. ही अडचण ओळखून काही उत्पादकांनी मुळातच वेगळी रचना केली. ओहायो राज्यातील ‘हाय-लो’ कंपनीच्या ट्रेलरचा वरचा अर्धा भाग खालच्या भागावर सरकून बसत असे. १९५६ साली सुरू झालेली ही कंपनी २०१० मध्ये बंद पडली. ज्यांच्याकडे साधा ट्रेलर आहे, त्यांना मात्र त्यातच फेरबदल करावे लागतात.

फेरबदलाचा पहिला नियम असा : जे पुन्हा पूर्ववत करता येते, ते आधी करावे. समजा, एका ट्रेलरची उंची ९४ इंच आहे आणि त्यात छतावरील वातानुकूलन यंत्राचे ११ इंच आहेत. ते यंत्र उतरवून तेथील भोकावर पाणी न गळणारे सपाट झाकण बसवले, तर उंची सुमारे ८३ इंच राहते. एक इंच मोकळा राहिला. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. त्यानंतर केवळ गॅरेजसाठी लहान चाके लावता येतात. येथे हिशेब नीट करावा. चाकाचा व्यास चार इंचांनी कमी केला, तर ट्रेलर दोनच इंच खाली येतो. कारण जमिनीपासून आसापर्यंतचे अंतर व्यासाच्या निम्मे असते. लहान टायर बहुधा कमी भार पेलतो. म्हणून टायरवर लिहिलेली भारक्षमता न पाहता अशी चाके लावून रस्त्यावर जाऊ नये.

आस पाट्यांच्या खालून काढून वर बसवणे हा शेवटचा उपाय. त्याने उंची बरीच घटते. परंतु खड्ड्यातून जाताना टायर वरच्या पत्र्याला घासण्याचा धोका वाढतो. हे काम जाणकार कारागिराकडेच सोपवावे.

केवळ उंची मोजून भागत नाही. गॅरेजकडे जाणारी वाट पुष्कळदा चढाची असते. बारा फुटांना एक फूट असा चढ असेल आणि चाकांमागचा भाग सहा फूट लांब असेल, तर चाके उंबऱ्याशी येतात तेव्हा ट्रेलरचे मागचे टोक सहा इंच वर उचललेले असते. चौकट पार झाली, तरी आत छतालगत सरकलेले दार त्याला लागू शकते. अशा वेळी पुढचा जोडदांडा जॅकने उचलावा; म्हणजे मागचे टोक खाली येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ट्रेलरच्या चुलीसाठी प्रोपेन वायूच्या टाक्या असतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो आणि गॅरेजमधील एखाद्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून टाक्या काढून बाहेर, मोकळ्या हवेत, उभ्या ठेवाव्यात. मगच ट्रेलर आत घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. मात्र पाय आखडताना तो मोडणार नाही, हेही पाहावे लागते.

शब्दार्थ
लांबी – फटी बुजवण्याचा लेप
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
पाटे – गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या

पाठगत प्रश्न
१. उन्हामुळे ट्रेलरच्या छताचे कोणते नुकसान होते?
२. चाकाचा व्यास सहा इंचांनी कमी केल्यास ट्रेलर किती इंच खाली येईल?
३. प्रोपेनच्या टाक्या बाहेर का ठेवाव्यात?

आपण काय शिकलो?
• मोजमाप करताना दाराबरोबरच वाटेचा चढही पाहावा.
• पूर्ववत करता येणारे बदल आधी करावेत.
• जागा वाचवण्यासाठी सुरक्षिततेचा बळी देऊ नये.

स्वाध्याय
आपल्या घरातील एखादी मोठी वस्तू दारातून आत आणण्यापूर्वी कोणकोणती मापे घ्याल, ते आठ ते दहा ओळींत लिहा.