गुडघेदुखी आणि संथ हालचालींचा अभ्यास

गुडघेदुखी कशी वाढत जाते ते आठवून पहा. आधी जिना टाळला जातो, मग बाजार, मग देऊळ. मांडी घालून बसता येत नाही म्हणून सत्संगाला जाणेही थांबते. दुखतो तो फक्त गुडघा, पण हळूहळू सगळे जगणेच एका खोलीपुरते उरते.

गुडघ्यात नेमके काय होते?

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वाढत्या वयात होणाऱ्या या संधिवातात ही कूर्चा झिजते आणि सांधा आखडतो. मग वाटते, "गुडघा वापरला तर आणखी झिजेल." या भीतीने चालणे कमी होते. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू दुबळे होतात. गुडघ्याला आधार देणारे हेच स्नायू असल्यामुळे सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणेही वाढते. हे चक्र तोडायचे असेल तर पूर्ण विश्रांती नव्हे, बेताची हालचाल हवी.

संशोधन काय सांगते?

'ताई ची' ही चीनमधील जुनी साधना आहे. संथ आणि सलग हालचाली, शांत श्वास आणि शरीराच्या तोलाकडे पूर्ण लक्ष हे तिचे स्वरूप. अमेरिकेत बोस्टन येथे गुडघ्याचा संधिवात असलेल्या २०४ जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ६० वर्षे होते. एका गटाने १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची केले. दुसऱ्या गटाने नेहमीची फिजिओथेरपी घेतली. दोन्ही गटांचे दुखणे जवळपास सारखेच कमी झाले आणि हा फायदा वर्षभर टिकला. मात्र मनाची उदासी ताई ची करणाऱ्यांमध्ये अधिक कमी झाली.

अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्यासाठी ताई चीची ठाम शिफारस आहे. योगाचीही शिफारस आहे, पण त्याचे पुरावे अजून कमी आहेत.

याचा अर्थ झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते असा नाही. औषधे किंवा फिजिओथेरपी आपल्या मनाने बंद करावी असाही नाही. दुखणे असूनही हिंडण्याफिरण्याची ताकद आणि मनाची उमेद परत मिळू शकते, एवढाच याचा अर्थ.

घरी सुरुवात कशी करावी?

१. न सरकणाऱ्या, भक्कम खुर्चीवर बसा. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा. दोन मिनिटे फक्त श्वासाकडे लक्ष द्या.

२. श्वास घेत एक पाय हळूहळू समोर सरळ करा. मांडीचा स्नायू घट्ट होतो आहे हे अनुभवा. श्वास सोडत पाय खाली आणा. प्रत्येक पायाने पाच वेळा करा.

३. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून उभे रहा. गुडघे किंचित सैल ठेवा. शरीराचा भार सावकाश उजव्या पायावर न्या, मग डाव्या पायावर. घाई करू नका. तोल जातो असे वाटत असेल तर घरातील कोणाला तरी जवळ उभे करा.

४. पुन्हा बसून एक मिनिट शांत रहा.

ही फक्त तयारी आहे. पुढचा अभ्यास जाणकार शिक्षकाकडूनच शिका.

काय जपावे?

वज्रासन, उकिडवे बसणे किंवा मांडी घालणे यांचा हट्ट धरू नका. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणे आधीपेक्षा जास्त असेल, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करा. गुडघा लाल किंवा गरम झाला, एकदम सुजला, अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवात करण्यापूर्वीही त्यांना विचारून घ्या.

आणि एक लक्षात असू द्या. खुर्चीवर बसून केलेले ध्यानही ध्यानच असते. तुमच्या ओळखीचे कोणी आजी-आजोबा गुडघ्यांमुळे घरात अडकले असतील, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि त्यांच्यासोबत दहा मिनिटे हा अभ्यास करा.