पिकअप बदलायच्या आधी

बाबू, गिटारचा पिकअप बदलायचा म्हणतोस, तर कंपनीचं नाव मागून सांग. आधी हे सांग, की तुझी गिटार वाजते कुठं? आपल्या अमरावती-अकोल्याकडं गिटारवाल्याचा हंगाम म्हणजे १४ एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, मग गणपती, नवरात्र आणि लग्नाचे ऑर्केस्ट्रे. तिथं वीज जनरेटरवरून येते, नाहीतर शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवरून. अर्थिंगचा पत्ता नसतो आणि डोक्यावर लायटिंगच्या माळा. स्टुडिओत गोड वाजणारा पिकअप अशा जागी नुसता घूं घूं करत राहतो. म्हणून आपण पिकअप निवडायचा तो मांडव पाहून.

हे असं काऊन होतं, ते समजून घे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. पण वेढे फक्त तारांचंच ऐकत नाहीत. जवळच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घूंही तेवढ्याच इमानानं पकडतात. १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन वेटोळी, एकमेकांविरुद्ध जोडलेली आणि चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घूं मात्र दोन्हींत उलटी येऊन खोडली जाते. हाच हमबकर.

आता पैसे खर्च करण्याआधी एक परीक्षा घे. ॲम्प चालू कर, गिटार गळ्यात घाल आणि जागच्या जागी हळूहळू फिर. एका दिशेला तोंड केल्यावर घूं जवळजवळ बंद होत असेल, तर ती चुंबकीय आहे. तिला हमबकरशिवाय इलाज नाही. फिरून काहीच फरक पडत नसेल, पण तारांना हात लावल्याबरोबर करकर कमी होत असेल, तर पिकअपला दोष देऊ नको. आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लाव, ती अर्थच्या वायरला जोड, थोडक्यात काम होईल. आणि तारांवर बोटं असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर वाजवणं तिथंच थांबव. तो दोष मंडपातल्या विजेचा आहे, तिथं जीवाशी गाठ असते. आयोजक कितीही घाई करोत, अर्थिंग झाल्याशिवाय स्टेजवर चढायचं नाही.

दुसरी फुकटची गोष्ट उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धर आणि तार ते पिकअप अंतर मोज. दोन ते तीन मिलिमीटर ठीक. त्याहून जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो, जाड तारा बेसूर वाटतात. पुष्कळांचा ‘खराब’ पिकअप दोन स्क्रू फिरवल्यावर बरा होतो.

एवढं करूनही बदलायचाच असेल, तर तुझ्या तीन सिंगल कॉइलच्या (एकाच वेटोळ्याच्या पिकअपच्या) गिटारीत लाकूड न कोरता बसणारा, सिंगल कॉइलच्याच मापाचा हमबकर घे. निदान ब्रिजजवळ तरी. चुंबक कुठला, हे गाण्यांवर ठरव. तुमच्या ऑर्केस्ट्रात पंचमदांची गाणी जास्त, स्वच्छ कॉर्ड आणि मधले छोटे तुकडे. त्याला अल्निको बरा. सिरॅमिकचा जोरकस पिकअप डिस्टॉर्शनला छान, पण गायकाच्या मागं तो बोचतो. डब्यावर १४-१५ किलो-ओहम पाहून भुलू नको. आकडा मोठा म्हणजे बहुतेक वेळा वेढे जास्त, आवाज मोठा आणि वरची चमक कमी. माझं मत विचारशील तर सात-आठच्या आसपास राहा. बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप शांत असतात खरे, पण पिन लावून ठेवली की नऊ व्होल्टची बॅटरी उतरत राहते, आणि रात्री एक वाजता एखाद्या गावात ती मिळणार कुठं?

मागवण्याआधी पट्टी घेऊन पहिल्या ते सहाव्या तारेखालच्या, पिकअपवरच्या खुंट्यांचं अंतर मोज. कुठं ५० मिलिमीटर असतं, कुठं ५२-५३. खाचेची खोलीही पाहून घे. हमबकरला ५०० के चा व्हॉल्यूम पॉट लागतो, सिंगल कॉइलला २५० के चा. हमबकरला २५० के चा बसवला तर चांगला पिकअपही मेल्यासारखा वाजतो.

जोडणी रेडिओ-टीव्हीवाल्या जुन्या मेकॅनिककडून करून घे. त्यांच्या हाताला ड्राय सोल्डरिंग लगेच कळतं. जुन्या वायरिंगचा फोटो काढून ठेव, आणि वायरींच्या रंगांवर विसंबू नको: एका कंपनीची काळी म्हणजे सिग्नल, तर दुसरीची लाल. नव्यासोबत आलेला कागद मेकॅनिकच्या हातात दे. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, पोकळ झाला, तर एकाच्या दोन वायरी उलट्या जोडायला सांग. जुना पिकअप फेकू नको, डबीत घालून ठेव.

आणि घेताना मेणात बुडवलेला आहे का, ते विचार. मेण नसेल तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. पण तेच मेण पन्नास-साठ अंशांवर मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून पुष्कळ जास्त. अकोल्याहून दुपारी निघालास तर गिटार डिकीत नको, मांडीवर घेऊन बस.