एका खोलींतील हस्तव्यवसाय

तेरच्या गोरा कुंभाराची कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकली आहे. नामस्मरणांत तल्लीन होऊन माती तुडवीत असतां त्याचें रांगतें मूल त्या चिखलांत आलें आणि त्याच्याच पायांखालीं सांपडलें. ही कथा भक्तीचा महिमा वर्णन करण्यासाठीं सांगतात. परंतु तिच्यांत एका घराचेंही चित्र आहे. जेथें माती तुडविली जाते, तेथेंच मूल रांगत असतें. कामाची जागा निराळी व राहण्याची जागा निराळी, ही सोय हातानें वस्तु घडविणाऱ्या कुटुंबास क्वचितच लाभते. म्हणून लहानशा घरांत उद्योग कसा चालवावा हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. तो घरांतील माणसांच्या सुखदुःखाचाही आहे.

याचें ठळक उदाहरण मुंबईंतील धारावीच्या कुंभारवाड्यांत पाहावयास मिळतें. सौराष्ट्रांतून आलेलीं कुंभार कुटुंबें १९३० नंतरच्या दशकांत तेथें स्थायिक झालीं, व त्यांचे वंशज आजही मडकीं, कुंड्या आणि पणत्या घडवितात. तेथील जुन्या घरांची ठेवण लक्षांत घेण्याजोगी आहे. घर अरुंद पण लांब. एक दार रस्त्याकडे व दुसरें मागच्या चौकाकडे. रस्त्याच्या बाजूस माल मांडून विक्री करावयाची, चौकाच्या बाजूस माती मळावयाची व चाक फिरवावयाचें, आणि निजावयाचें माळ्यावर. चौकांतील भट्टी एकट्याची नसते. अनेक कुटुंबें ती आळीपाळीनें वापरतात. प्रत्येकानें आपली स्वतंत्र भट्टी बांधावयाचें मनांत आणलें असतें, तर माल वाळविण्यास कोणासच जागा उरली नसती. यावरून पहिला धडा हा कीं, जागा थोडी असेल तेव्हां प्रत्येक कामास नेमलेली जागा हवी, आणि जें साधन रोज लागत नाहीं तें शेजाऱ्यांशीं वांटून घ्यावें.

मात्र शेजार म्हटला कीं जबाबदारीही आली. भट्टींत कापसाचा टाकाऊ भाग व चिंध्या जाळतात. त्यांचा दाट धूर, ज्यांचा या धंद्याशीं कांहींएक संबंध नाहीं अशांच्या घरांतही शिरतो, आणि कुंभारांच्या स्वतःच्या छातींतही भरतो. आपल्या उद्योगाचा लाभ आपणांस व त्रास दुसऱ्यांस, अशी वांटणी फार दिवस टिकत नाहीं.

दुसरा धडा गिरगांवांतला आहे. १५ मार्च १९५९ रोजीं तेथील सात भगिनींनीं एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. भांडवल ८० रुपये, आणि तेंही उसनें घेतलेलें. पहिल्या दिवशीं चार पाकिटें तयार झालीं. पापड ही कांहीं कलाकुसरीची वस्तु नव्हे. परंतु जागेची अडचण तीच. पावसाळा लागतांच वाळवण बंद पडलें व काम चार महिने थांबलें. तेव्हां पुढील वर्षीं त्यांनीं एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खालीं स्टोव्ह ठेवावयाचा, एवढ्या साध्या युक्तीनें पावसाळ्यांतील काम वांचलें. याच कामांतून ‘लिज्जत’ ही संस्था उभी राहिली व १९६६ सालीं तिची रीतसर नोंदणी झाली. तिच्या पद्धतींत भगिनी मळलेलें पीठ घरीं नेतात व लाटलेले पापड परत आणून देतात. ज्यांच्या घरीं लाटण्यापुरतीही जागा नसते, त्यांस पीठ मळणें किंवा पाकिटें भरणें असें दुसरें काम मिळतें. घर लहान म्हणून बाईस उद्योगाचें दार बंद झालें नाहीं, ही गोष्ट मोठी आहे.

तिसरा धडा हिशेबाचा. घरगुती धंद्यांत सर्वांत मोठी फसवणूक आपण आपलीच करीत असतों. समजा, एका कुटुंबानें १०० पणत्या घडविल्या व त्यांपैकीं १० भट्टींत तडकल्या. उरलेल्या ९० पणत्या प्रत्येकी २ रुपयांस विकून १८० रुपये आले. माती, रंग व जळण यांस ८० रुपये लागले. शिल्लक १०० रुपये राहिली, आणि सर्वजण म्हणाले, “शंभर रुपये नफा झाला.” परंतु आई व वडील दोघेही त्यासाठीं चार चार तास राबले होते. आठ तासांची मजुरी १०० रुपये, म्हणजे तासास साडेबारा रुपये! त्यांत जागेचें भाडें धरलेलें नाहींच. हा नफा नव्हे, ही मजुरी आहे, आणि तीही अपुरी. ज्यास हें वहींत दिसतें, त्यासच भाव वाढवावा कीं वस्तु बदलावी हें कळतें. विद्यार्थ्यांनो, तुम्ही शाळेंत शिकलेलें गणित घरास उपयोगीं पडावयाचें तें येथें. वही तुम्ही लिहा.

पालकांसही एक विनंती आहे. दिवाळी जवळ आली म्हणजे पणत्यांचीं सुपें घरभर पसरतात, आणि सहामाही परीक्षाही बहुधा त्याच सुमारास येते. मुलानें हातभार लावावा हें योग्यच. परंतु त्याच्या अभ्यासाची वेळ व कोपरा चाकाच्या वेळेइतकाच पक्का असावा. रात्रीं दोन तास चाक थांबलें तर कांहीं पणत्या कमी होतील. मुलाचें वर्ष गेलें तर तें कोणत्याही बाजारांत परत मिळत नाहीं.

धारावीच्या पुनर्विकासाची योजना राज्य शासनानें २००४ सालीं मंजूर केली. तेव्हांपासून कुंभारांपुढें एक प्रश्न उभा आहे: उंच इमारतींत खोली मिळाली, तर चाक कोठें मांडावें आणि भट्टी कोठें पेटवावी? घर मिळेल, पण ज्या घरांत उद्योगही राहत होता, तें घर मिळेल काय? आज वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं कोणी पुढें घरें बांधणारा होईल. त्यानें नकाशा काढतांना प्रथम त्या घरांत कोण काय काम करितो हें विचारावें, आणि मुलाच्या अभ्यासाचा कोपराही त्यांत आंखावा, एवढीच या लेखाची इच्छा आहे.