मालिकेतील कुटुंब कसे जमते?

सायंकाळी दिवेलागण झाली म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दुसरे एक कुटुंब येऊन बसते. त्यातील आजीचे बोलणे आपणांस आपल्याच आजीसारखे वाटते. थोरल्या सुनेचे दुःख पाहून आपल्या आईच्या डोळ्यांस पाणी येते. धाकट्याच्या खोड्यांचे आपणांस हसू येते. वस्तुतः ही मंडळी एकमेकांची कोणीही नव्हेत. चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वी त्यांपैकी कित्येकांनी परस्परांचे तोंडही पाहिलेले नसते. मग ती एका रक्ताची कशी भासतात? त्यांची निवड कोण करतो व कशावरून करतो? आणि ज्यांची निवड होत नाही, त्यांच्यात काय उणे असते? ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांत तिसरा प्रश्न आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचा संबंध केवळ नटांशी नसून आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीशी आहे.

१. आधी कथा, मग चेहरे

घर बांधणारा गवंडी जसा प्रथम आराखडा पाहतो, तद्वत् मालिका उभारणारे प्रथम लेखकाची कथा पाहतात. कुटुंबात माणसे किती, त्यांची वये काय, कोण कोणाचे ऐकतो, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे सर्व लेखक लिहून देतो. प्रत्येक पात्राचे थोडक्यात वर्णन तयार होते. ‘वय सुमारे पन्नास, गावाकडून शहरात आलेली, बोलण्यात करारी, पण मनाने हळवी’ अशा धर्तीचे ते असते. हे वर्णन ज्याच्या हाती जाते त्यास ह्या धंद्यात ‘कास्टिंग डायरेक्टर’ म्हणतात. आपण त्यास पात्रनिवडकार म्हणू. पूर्वी हे काम बहुधा दिग्दर्शक व निर्माता आपणच करीत. आता ते स्वतंत्र कौशल्य म्हणून मान्यता पावले असून, ऑस्कर पारितोषिकांतही पात्रनिवडीसाठी निराळे पारितोषिक ठेवण्याचा निर्णय २०२४ साली जाहीर झाला.

२. परीक्षा कशी होते?

पात्रनिवडकार आपल्याजवळील छायाचित्रांचा संग्रह चाळतो, नाट्यसंस्थांकडे चौकशी करतो, आणि योग्य वाटणाऱ्यांस परीक्षेस बोलावतो. ह्या परीक्षेस ‘ऑडिशन’ म्हणतात. मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याजवळील आरामनगर हा भाग अशा परीक्षांसाठी प्रसिद्ध झाला. नवीन माणसास तेथे कसला तरी थाटमाट असेल असे वाटते. परंतु बहुधा एक लहानशी खोली, एका रंगाची भिंत, एक कॅमेरा व दोन दिवे एवढाच तेथील सरंजाम असतो. उमेदवार कॅमेऱ्यासमोर उभा राहून आपले नाव, वय व उंची सांगतो. चेहऱ्याची डावी व उजवी बाजू दाखवितो. आणि मग दिलेला प्रसंग करून दाखवितो. समोरच्या पात्राची वाक्ये तेथील एखादा मदतनीस वाचतो. सर्व काम काही मिनिटांत आटोपते. २०२० सालच्या महामारीनंतर घरीच भ्रमणध्वनीवर प्रसंग चित्रित करून पाठविण्याची रीतही पुष्कळ रूढ झाली आहे.

परीक्षकाचे लक्ष कोठे असते? पाठांतर हा गुण खरा, पण तो पहिला नव्हे. उमेदवार दुसऱ्याचे बोलणे ऐकतो की केवळ आपल्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो, हे तो प्रथम पाहतो. नंतर तो म्हणतो, “हाच प्रसंग आता राग न दाखविता करा.” जो सूचना ऐकून आपल्यात बदल करू शकतो, त्याच्याविषयी आशा वाटते. कारण मालिकेचे काम नाटकासारखे महिनाभर तालीम करून होत नाही. पुष्कळदा त्या दिवसाचे संवाद त्याच दिवशी हाती पडतात, आणि थोड्याच वेळात ते कॅमेऱ्यासमोर बोलावयाचे असतात.

३. एकट्याची नव्हे, कुळाची निवड

येथपर्यंतची रीत कोणत्याही नाटक-सिनेमास लागू पडते. कुटुंबकथेचा खरा कस ह्यापुढे लागतो. निवडकाराजवळ आईच्या भूमिकेसाठी चार उत्तम नटी असतील, बापासाठी तीन, मुलींसाठी दहा. त्यांतील प्रत्येक स्थानी जो सर्वांत चांगला तो घेतला की उत्तम कुटुंब तयार होईल, असे आपणांस वाटते; पण तसे होत नाही. म्हणून निवडक उमेदवारांस दोघे-दोघे, तिघे-तिघे असे एकत्र बोलावून प्रसंग करावयास लावतात. आई आणि मुलगी ह्यांच्या बोलण्याची लकब जुळते काय? दोघे भाऊ शेजारी उभे राहिले असता एका घरचे दिसतात काय? पुढे वेशभूषा व रंगभूषा करून पाहतात. तीस ‘लूक टेस्ट’ म्हणतात. शेवटी वाहिनीच्या अधिकाऱ्यांची संमती घेतात आणि मग करार होतो.

आणखीही एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे चिकाटी. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या काळात पहिलीतला मुलगा महाविद्यालयात जातो! रोजच्या मालिकेत चित्रीकरणाची पाळी साधारणपणे बारा तासांची असते. अशा कामास केवळ देखणा चेहरा पुरत नाही. वेळेवर येणारा, सहकाऱ्यांशी मिळून वागणारा, आणि कंटाळा आला तरी काम न बिघडविणारा माणूस निवडकारास हवा असतो.

४. एक नामांकित उदाहरण : ‘हम लोग’

ह्या तत्त्वाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे ‘हम लोग’ ही हिंदी मालिका. भारतातील पहिली दीर्घ कौटुंबिक मालिका म्हणून तिची ख्याती आहे. मेक्सिको देशात मिगेल साबिदो नामक निर्मात्याने लोकशिक्षण करणाऱ्या मालिका काढल्या होत्या. आपल्या वर्ध्याचे खासदार व त्या वेळचे नभोवाणीमंत्री वसंत साठे हे १९८२ साली मेक्सिकोस गेले असता त्यांस त्यांची माहिती झाली, आणि असा प्रयोग येथेही करावा असे त्यांच्या मनात आले. मनोहर श्याम जोशी ह्यांनी कथा लिहिली, पी. कुमार वासुदेव ह्यांनी दिग्दर्शन केले, आणि ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर पहिला भाग दिसला. डिसेंबर १९८५ मध्ये ती संपली.

कथा एका निम्न मध्यमवर्गीय घरातील होती. मद्यपी बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, आजी-आजोबा, बेकार थोरला मुलगा लल्लू, क्रिकेटचे वेड असलेला नन्हे, आणि बडकी, मझली, छुटकी ह्या तीन बहिणी. आता ही माणसे कोठून आणावयाची? मुंबईच्या चित्रपटांतील प्रख्यात चेहरे घेतले असते, तर प्रेक्षकांनी प्रथम तो नट ओळखला असता आणि बसेसर रामास ते विसरले असते. म्हणून बहुतेक मंडळी दिल्लीच्या रंगभूमीवरून निवडण्यात आली. विनोद नागपाल बाप झाले, जयश्री अरोरा आई झाल्या, राजेश पुरी लल्लू झाले, सीमा भार्गव बडकी झाल्या. चित्रपटसृष्टीतील एकच थोर नाव त्यात होते, ते अशोककुमार ह्यांचे; परंतु त्यांस कुटुंबाबाहेर ठेवून, भागाच्या शेवटी प्रेक्षकांशी दोन शब्द बोलण्याचे काम दिले होते. ही योजना किती मार्मिक! प्रसिद्ध माणूस कुटुंबाबाहेर, आणि कुटुंबात बहुतेक अनोळखी.

आजीची भूमिका सुषमा सेठ ह्यांनी केली. ‘यात्रिक’ ह्या दिल्लीच्या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी त्या एक होत. त्या समयी त्यांचे वय अवघे ४८ होते! आणि मझली झाली होती त्यांची प्रत्यक्ष कन्या दिव्या सेठ. म्हणजे घरची आई-लेक पडद्यावर आजी-नात झाल्या. ह्या आजीस कर्करोग होतो असे कथेत होते. पण प्रेक्षकांस ती इतकी आपली वाटू लागली की, तिचा मृत्यू लांबवावा असा आग्रह होऊ लागला, आणि तिची कथा वाढविण्यात आली. मालिकेच्या काळात सुमारे ४ लाख पत्रे आली, असे तिच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. अचूक निवडीचे ह्याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असणार?

५. ज्यांची निवड झाली नाही, त्यांचे काय?

आता आमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. एका भूमिकेसाठी शेकडो जण येतात आणि एक निवडला जातो. उरलेले सारे अपात्र असतात काय? मुळीच नाही. कोणी निवडलेल्या आईपेक्षा उंच असते; कोणाचा आवाज थोरल्या भावाच्या आवाजाशी फार मिळताजुळता असतो; कोणाची भाषा कोकणची, तर कथा विदर्भातील; कोणाच्या तारखा जुळत नाहीत. अमुक पात्राच्या अमुक जागी आज हा माणूस बसतो की नाही, एवढाच निर्णय तेथे होतो. माणसाच्या योग्यतेचा निवाडा तेथे होत नाही.

आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा अशा एका परीक्षेस जाऊन आला व नापसंत ठरला. त्यानंतर कित्येक दिवस तो कवितावाचनासही उभा राहीना. “माझा आवाजच वाईट आहे,” एवढेच तो म्हणे. मात्र त्याच्या आवाजाविषयी कोणी अवाक्षरही काढले नव्हते. पुढे कळले की, त्यांस दोन वर्षांनी लहान मुलगा हवा होता. मुलांनो, कारण कळले नाही म्हणजे आपण स्वतःच्या मनाने एखादे कारण शोधून काढतो, आणि ते बहुधा आपल्याविरुद्धचेच असते. ही सवय सोडावयास हवी.

६. पालकांसाठी दोन शब्द

बालकलाकारांच्या बाबतीत भारतीय कायदा स्पष्ट आहे. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, आणि २०१७ साली तिचे नियम झाले. चौदा वर्षांखालील मुलास कलाकार म्हणून काम करता येते. पण त्याच्या शिक्षणास बाध येता कामा नये. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाकाठी पाच तासांहून अधिक, व विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम करविता येत नाही. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. आणि सर्वांत मोलाचा नियम असा की, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्यास काम करावयास लावता येत नाही. आपली अपुरी राहिलेली हौस मुलाच्या डोक्यावर ठेवणाऱ्या आईबापांनी हा नियम वारंवार वाचावा.

दुसरी गोष्ट पैशाची. खरा निवडकार आपले वेतन निर्मात्याकडून घेतो, उमेदवाराकडून नव्हे. ‘नोंदणी’, ‘ओळखपत्र’, ‘छायाचित्रांचा खर्च’ अशा सबबींवर जो आधी पैसे मागतो आणि भूमिका नक्की देतो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे. परीक्षेस मुलासोबत स्वतः जावे. एकट्यास आत बोलावीत असतील तर परत फिरावे. ‘हम लोग’मधील मझली आठवते ना? सिनेमात जाण्याच्या मोहाने ती घर सोडते आणि लबाडांच्या हाती सापडते. लेखकाने हा इशारा १९८४ साली सुरू झालेल्या कथेत देऊन ठेविला. तो आजही शिळा झालेला नाही.

उपसंहार

अभिनयाची आवड वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्यास ती असेल त्याने स्नेहसंमेलनातील नाटकात मन घालून काम करावे, मोठ्याने वाचावे, निरनिराळ्या माणसांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे, आणि शिक्षण पुरे करावे. ‘हम लोग’चे नट एका दिवसात सापडले नाहीत, रंगभूमीवर लहानमोठी कामे करून त्यांपैकी पुष्कळांनी आपली तयारी आधीच केली होती. आणि ज्यास पडद्यावरील कुटुंबात जागा मिळाली नाही, त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, त्या कुटुंबातील आजी करार संपताच आपल्या घरी जाते. आपल्या घरातील जागेसाठी मात्र आपणांस कोणतीही परीक्षा द्यावी लागलेली नाही, आणि ती जागा कोणी काढूनही घेत नाही.

विचारासाठी प्रश्न

(१) प्रत्येक स्थानी सर्वोत्तम नट घेऊनही मालिकेतील कुटुंब का जमत नाही?
(२) ‘हम लोग’मध्ये अशोककुमार ह्यांस कुटुंबाबाहेर ठेवण्यात कोणता हेतू असावा?
(३) आपल्या वर्गाच्या नाटकासाठी एका कुटुंबातील पाच पात्रांची वर्णने प्रत्येकी दोन ओळींत लिहा.
(४) ‘निवड न होणे म्हणजे अयोग्य ठरणे नव्हे’ हे अभिनयाव्यतिरिक्त दुसरे एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.