लोकमताविरुद्धची पैज : एक हिशेब

१९८१ च्या जुलैत लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली आणि फलकावर त्यांच्या विजयाचा भाव एकास पाचशे असा झळकला. ऑस्ट्रेलियाच्याच संघातील डेनिस लिलीने १० पौंड व रॉडनी मार्शने ५ पौंड इंग्लंडवर लावले. बोथमने नाबाद १४९ धावा काढल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकले आणि दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. (आपल्याच संघाविरुद्ध पैज लावणे आजच्या नियमांत बसत नाही, हा भाग निराळा.) ‘चारचौघांच्या उलट जावे, पैसा तिकडेच असतो’ असे म्हणणारे ही गोष्ट हमखास सांगतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मात्र गोष्ट ऐकून झाल्यावर वही उघडावी.

घोड्यांच्या शर्यतीतील टोट घेऊ. येथे आपली पैज क्लबाशी नसते, इतर पैज लावणाऱ्यांशीच असते. सर्वांचे पैसे एकत्र होतात, कर व क्लबाचा वाटा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्याच्या तिकीटधारकांत वाटली जाते. म्हणजे भाव हेच लोकमत. समजा, १ लाख रुपये जमले आणि सोयीसाठी वजावट २० टक्के धरली. उरले ८० हजार. लोकांच्या लाडक्या घोड्यावर ५० हजार लागले असतील, तर १० रुपयांच्या तिकिटाला १६ रुपये मिळतील. उपेक्षित घोड्यावर १० हजारच लागले असतील, तर ८० रुपये. लोकमताप्रमाणे या दुसऱ्या घोड्याची संभाव्यता दहात एक. पण ८० रुपयांचा भाव परवडायला ती निदान आठात एक हवी. लोक चुकले एवढ्याने भागत नाही, वजावट भरून निघेल इतके ते चुकले पाहिजेत. सांख्यिकीच्या तासाला आम्ही नाणे फुकट उडवतो. येथे उडवणारा दर वेळी आपला वाटा आधी काढून घेतो.

हे मी कन्नड विभागातील एका मित्राला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “पण लोक चुकतात तरी कुठे?” प्रश्न मार्मिक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये शर्यतींचे निकाल तपासले. दुबळ्या घोड्यांवर लोक त्यांच्या योग्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि लाडक्यांवर कमी, असे त्यांना आढळले. पुढे अनेक देशांत हेच दिसले. हाँगकाँग हा त्यातला प्रसिद्ध अपवाद. तेव्हा ‘मी गर्दीच्या विरुद्ध’ म्हणत एकास साठच्या भावाचा घोडा घेणारा दुसऱ्या गर्दीतच उभा असतो! खरा विरोध करायचा तर बहुधा त्या लाडक्या घोड्याचेच तिकीट काढावे लागेल, आणि तेथेही वजावट फायदा खाऊन टाकतेच.

शिवाय टोटवर तिकीट काढताना दिसणारा भाव अखेरचा नसतो. खिडकी बंद होईपर्यंत पैसे येतच राहतात. उपेक्षित घोडा आणखी काही जणांच्या नजरेत भरला की ८० चे ५० होतात, आणि ज्याने तो सर्वांआधी हेरला त्याच्याही हातात ५० च पडतात.