गीता २.६२–६३ : ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पण मिळालं नाही



आज दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक एकत्रच घ्यायचेत, कारण ती एकच साखळी आहे. विषयांचं चिंतन केलं की संग जडतो, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धीचा नाश आणि शेवटी माणसाचाच नाश. आमच्या भाषेत सांगायचं तर हा स्टॅक ट्रेस आहे. प्रोग्रॅम क्रॅश होतो शेवटच्या ओळीवर, पण बग असतो कुठेतरी पहिल्या ओळीत. आपण मात्र नेहमी क्रोधाच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतो. ‘राग कसा आवरायचा’ याचे शेकडो व्हिडिओ सापडतील. भगवंत रागाच्या तीन पायऱ्या आधीपासून सुरुवात करतात.

पहिली पायरी बघा. तिथे क्रियापद कुठलं आहे? ‘ध्यै’ धातू, म्हणजे ज्यावरून ध्यान हा शब्द आला तोच. व्यासांना दुसरा शब्द मिळाला नसता असं नाही. एकाग्रता तीच, फक्त वस्तू वेगळी. ‘जपाला बसलो की मन दहा मिनिटंही टिकत नाही’ अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण एखादं पार्सल अडकू द्या, मग बघा मन कसं टिकतं. मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, जेवताना, रात्री उठून पाणी पिताना, ट्रॅकिंगचं पान उघडंच. क्षमता आहे की!

हे उदाहरण हवेतलं नाही. पालख्या पुण्यात यायच्या आधी आईसाठी चालायचे बूट मागवले होते. यंदा ती पहिल्यांदाच माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा चालणार होती. तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि तिचे गुडघे एकसष्टीचे. पार्सल चार दिवस एकाच हबवर बसून होतं. पाचव्या दिवशी ‘आऊट फॉर डिलिव्हरी’, आणि दुपारी ‘डिलिव्हर्ड, घरातील व्यक्तीकडे दिले’. घराला कुलूप होतं.

ट्रॅकिंग म्हणजे नेमकं काय, हेही समजून घ्यायला हवं. पार्सल स्वतः काही सांगत नाही. वाटेत कुणीतरी बारकोड स्कॅन करतं किंवा बटण दाबतं, त्याची नोंद आपल्याला दिसते. दोन स्कॅनच्या मधे काय झालं हे पानाला माहीतच नसतं. तुम्ही पन्नासदा रिफ्रेश केलंत तरी तीच नोंद पन्नासदा येते. वस्तूचं नव्हे, नोंदीचं ध्यान. आणि ‘संग’ नेमका तिथेच तयार होतो. सकाळी फक्त बूट हवे होते, संध्याकाळी ‘मला फसवलं कसं’ हे हवं असतं.

आता संमोह. शंकराचार्य भाष्यात संमोहाचा अर्थ काय करावं, काय करू नये यातला गोंधळ असा लावतात, आणि सांगतात की रागाने मूढ झालेला माणूस प्रत्यक्ष गुरूलाही बोल लावतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुरू नव्हते, वॉचमनकाका होते. मी एवढंच विचारलं होतं, ‘कुणाकडे चुकून पार्सल आलंय का?’ दहा मिनिटांत एकाने लिहिलं, ‘वॉचमनला विचारा, त्याच्याकडेच असेल.’ दुसऱ्याने, ‘मागच्या महिन्यात माझंही गेलं होतं.’ तिसऱ्याने थेट एजन्सी बदलायचा विषय काढला. बूट अठराशे रुपयांचे. पणाला काय लागलं? एका माणसाची नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेटवर वही उघडून उभेच होते. ‘दादा, बघा, काल दुपारी त्या कंपनीचं कुणी आलंच नाही.’ नोंद नव्हती, आणि गेटच्या कॅमेऱ्यातही कुणी दिसलं नाही. ते मी ग्रुपवर टाकलं. अंगठे आले. ‘सॉरी काका’ असं कुणी लिहिलं नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. आचार्यांच्या मते इथली स्मृती म्हणजे शास्त्र आणि गुरू यांच्या उपदेशाने मनावर झालेल्या संस्कारांची आठवण. हेच काका पावसात छत्री घेऊन आजींना रिक्षापर्यंत सोडतात, हे त्या ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दहा मिनिटांत ते कुणाला आठवलं नाही. आणि याची दुसरी बाजू बघायची तर थेट १८व्या अध्यायातला ७३वा श्लोक काढा. अर्जुन काय सांगतो? मोह गेला, स्मृती परत मिळाली. तेच दोन शब्द, उलट दिशेने. म्हणजे हरवलेलं परत मिळतं, गीतेत तरी.

मग तक्रार करायची की ‘हरी इच्छा’ म्हणून सोडून द्यायचं? मला हे सोडून देणं पटत नाही. अर्जुनालाही धनुष्य खाली ठेवायची परवानगी मिळाली नव्हती. त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि डिलिव्हरीचा पुरावा मागा: सही, फोटो, ओटीपी, जे असेल ते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. एकदा तक्रार नोंदवली, नंबर लिहून ठेवला, की पान बंद. पोच येईपर्यंत बघण्यासारखं काही नसतं.

पैसे नवव्या दिवशी परत आले. बूट नाही आले. आईने लक्ष्मी रोडवरून सँडल घेतल्या. म्हणाली, ‘चालायचंय मला, बुटांना नाही.’ आणि दिवे घाट चढलीसुद्धा, दोनदा बसून.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. कस्टमर केअरच्या ताईंनी विचारलं होतं, ‘सर, डिलिव्हरी एजंटविरुद्ध वेगळी तक्रार नोंदवायची का?’ यातल्या बऱ्याच मुलांना पार्सलमागे पैसे मिळतात. त्याने बटण का दाबलं, मला माहीत नाही. मी ‘चोरी’ हा शब्द लिहिला नाही. वेळ लिहिली, गेटवर नोंद नाही हे लिहिलं, फोन आला नाही हे लिहिलं. तेवढ्यानेही त्याचा आयडी बंद झाला असेल का? तुम्ही काय केलं असतं, खरंच सांगा.

उद्या ६४वा श्लोक घेऊ. त्यात विषय तसेच राहतात, फक्त राग-द्वेष जातात.

रामकृष्ण हरी.