वज्रपरीक्षा : खरा हिरा, त्याची प्रतिरूपे आणि रसशाळेची जबाबदारी

प्रस्तावना

रत्नवर्गात हीरकास, म्हणजेच वज्रास, अग्रस्थान आहे. रसग्रंथांनी त्यास रसायन, वृष्य, आयुष्य व त्रिदोषहर म्हटले आहे. त्याच ग्रंथांनी अशोधित वज्रापासून पांडु, कुष्ठ, पार्श्वपीडा इत्यादी विकार उद्भवतात असा इशाराही दिला आहे. शोधन-मारणाच्या विधींवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. तथापि मूषेत टाकावयाचे द्रव्य मुळात वज्रच आहे काय, हा प्रश्न बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर सोडला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

जवाहिऱ्याकडून घेतलेला हिरा नकली निघाला तर ग्राहकाचे धन जाते. रसशाळेने घेतलेला हिरा नकली निघाला तर रुग्णाच्या पोटात काच जाते. शिवाय अंगठीतील खडा केव्हाही काढून पुन्हा तपासता येतो. भस्म झालेल्या द्रव्याचे कोन, तेज, काठिण्य हे काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वज्राची परीक्षा पहिल्या पुटापूर्वीच झाली पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हिऱ्याचे आकर्षण

कोळसा, पेन्सिलीतील ग्राफाइट आणि हिरा ही तिन्ही कार्बन या एकाच मूलद्रव्याची रूपे होत. लाव्हॉयझिए याने १७७२ च्या सुमारास भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने हिरा हा निव्वळ कार्बन असल्याचे सिद्ध केले. अणूंच्या घट्ट चौफेर बांधणीमुळे याच कार्बनास मोज्झच्या मापनात १० हे सर्वोच्च काठिण्य लाभते. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ इतका मोठा असल्याने आत शिरलेला प्रकाश पैलूंवरून वारंवार परावर्तित होऊन वर येतो, आणि येताना सप्तरंगांत विखुरतो. ग्रंथकारांनी वज्राच्या वर्णनात इंद्रधनुष्याचा उल्लेख केला आहे तो याच अनुभवावरून.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा देश मुख्यतः भारतच होता. गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणी सर्वश्रुत आहेत. पण आईन-इ-अकबरीत उल्लेखिलेली हिऱ्यांची खाण आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथील मानली जाते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे १८६६-६७ पासून दक्षिण आफ्रिकेतील हिरे बाजारात आले. आज जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम सुरतेत होते. दुर्मिळता, तेज आणि शुक्राचे रत्न म्हणून असलेली श्रद्धा यांमुळे हिऱ्याचे मोल वाढले, आणि जेथे मोल तेथे प्रतिरूप हे ओघाने आलेच.

ग्रंथोक्त लक्षणे

रसरत्नसमुच्चयात वज्राचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे तीन भेद सांगून अष्टास्र, अष्टफलक किंवा षट्कोण, अतितेजस्वी व वारितर अशा पुंवज्रास श्रेष्ठ मानले आहे. हे वर्णन खाणीतून निघालेल्या, पैलू न पाडलेल्या हिऱ्याचे आहे. नैसर्गिक हिऱ्याचा स्फटिक पुष्कळदा आठ त्रिकोणी पृष्ठांचा असतो, तेव्हा ‘अष्टफलक’ हे विशेषण नेमके निरीक्षण आहे.

‘वारितर’ या शब्दावर मात्र अनेकांची अडचण होते. बृहत्संहितेतही उत्तम वज्र पाण्यावर तरते असे म्हटले आहे. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२ असल्याने मोठा खडा पाण्यात बुडणारच. परंतु हिऱ्याचा पृष्ठभाग पाण्याने सहजी भिजत नाही, तर स्निग्ध द्रव्यास चिकटतो. दक्षिण आफ्रिकेतील खाणींत चरबी लावलेल्या तक्त्यांवरून खडीमिश्रित पाणी सोडून हिरे वेगळे करीत, ते याच गुणधर्माच्या आधारे. न भिजणारा सूक्ष्म कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगूही शकतो. ‘वारितर’ हे लक्षण या गुणाकडे निर्देश करीत असावे, असे आमचे मत आहे.

नकली हिऱ्यांचा प्रश्नही नवा नाही. लोह, पुष्पराग, गोमेद, वैडूर्य, स्फटिक व काच यांपासून कुशल लोक वज्राची प्रतिरूपे बनवितात, आणि क्षार, उल्लेखन व शाण यांनी त्यांची परीक्षा करावी, असे गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत स्पष्ट सांगितले आहे. वज्र इतर सर्व रत्नांवर ओरखडा काढते, पण त्यावर ओरखडा केवळ वज्रच काढू शकते, हा त्यातील सिद्धांत आजही अबाधित आहे.

आजची प्रतिरूपे

काच, स्फटिक, पांढरा पुष्कराज, पांढरा नीलम व झिर्कॉन ही जुनी प्रतिरूपे होत. १९७६ पासून क्युबिक झिर्कोनिया बाजारात आला. तोच आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकला जातो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॉइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, रत्न म्हणून विक्रीस आले. त्याचे काठिण्य ९.२५ असून ते उष्णताही उत्तम वाहून नेते. त्यामुळे केवळ उष्णतावहनावर चालणारे हिरा-परीक्षक यंत्र त्यास हिरा ठरविते.

रसशाळेत करता येण्याजोग्या परीक्षा

१. घणाची परीक्षा टाळावी. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली फुटत नाही, ही समजूत संतवाङ्मयातील दृष्टांतामुळे घरोघर पोहोचली आहे. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. परीक्षा म्हणून घातक आहे. काठिण्य म्हणजे ओरखड्यास होणारा विरोध. आघात सोसण्याची शक्ती निराळी. हिऱ्यात चार दिशांनी सरळ दुभंगण्याचा गुण असतो. घणाने फुटला म्हणून खडा नकली ठरत नाही.

२. भिंगाने निरीक्षण. दहापट भिंगातून पाहिल्यास पैलू न पाडलेल्या हिऱ्याच्या पृष्ठावर पुष्कळदा बारीक त्रिकोणी खुणा दिसतात. पैलूदार खड्यात मागील बाजूच्या कडा दुहेरी दिसल्या तर तो झिर्कॉन किंवा मॉइसनाइट असण्याचा संभव आहे. हिऱ्यात कडा एकेरीच दिसतात. आत वायूचे गोल बुडबुडे दिसल्यास काच समजावी. बिंदू, रेखा, काकपद हे ग्रंथोक्त दोष रत्न म्हणून मोल कमी करतात, परंतु स्वस्तात मिळणारा संपूर्ण निर्दोष खडा अधिक संशयास्पद होय.

३. विशिष्ट गुरुत्व. खडा प्रथम हवेत तोलावा, नंतर बारीक तारेने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा. हवेतील वजनास वजनातील घटीने भागले असता विशिष्ट गुरुत्व मिळते. एक कॅरट, म्हणजे २०० मिलिग्रॅम, हिऱ्याचे वजन पाण्यात सुमारे ५७ मिलिग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाच्या क्युबिक झिर्कोनियाचे सुमारे ३५ मिलिग्रॅमनेच घटते. तुलनेसाठी अंक असे : स्फटिक २.६५, मॉइसनाइट ३.२२, हिरा ३.५२, नीलम ४.००, झिर्कॉन सुमारे ४.७, क्युबिक झिर्कोनिया ५.६ ते ६. पुष्कराजाचे गुरुत्व सुमारे ३.५३ असल्याने केवळ या परीक्षेने तो हिऱ्यापासून वेगळा होत नाही. अनेक खडे एकत्र तोलल्यास सरासरीत नकली खडा लपतो, हेही ध्यानी ठेवावे.

४. उल्लेखन. काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, हा समज चुकीचा आहे. स्फटिकही काचेवर ओरखडा काढतो. नीलम किंवा माणिक यांच्या कृत्रिम पट्टीवर, ज्यांचे काठिण्य ९ आहे, ओरखडा उठला तर पुष्कराज, झिर्कॉन, झिर्कोनिया व काच ही सर्व बाद होतात. मॉइसनाइट मात्र येथेही उरते. त्याचा निर्णय गुरुत्वाने व दुहेरी कडांनी करावा.

५. क्ष-किरण. ही सोय वैद्यांच्या हाताशी आहे. कार्बन हलके मूलद्रव्य असल्याने हिऱ्याची छाया अतिशय फिकी पडते, तर शिसेयुक्त काच, झिर्कॉन व झिर्कोनिया यांची छाया ठळक उमटते. शंकास्पद खडे व माहितीचा एक खरा हिरा शेजारी ठेवून एकच छायाचित्र घेतल्यास फरक चटकन कळतो.

कोणतीही एक परीक्षा पुरेशी नाही. किमान तीन परीक्षा एकमेकींशी जुळल्यावरच द्रव्य ग्राह्य मानावे, आणि शंका उरल्यास रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

भुकटीचा प्रश्न

भस्मासाठी पैलूदार, निष्कलंक हिरा कोणी वापरत नाही. दागिन्यास अयोग्य असे बारीक खडे, ज्यांस व्यापारात बोर्ट म्हणतात, किंवा तयार ‘हिऱ्याची भुकटी’ घेतली जाते. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. भुकटीस ना कोन, ना पैलू. वरील बहुतेक परीक्षा तिच्यापुढे थिट्या पडतात.

त्यातही, घासकामासाठी विकली जाणारी हिऱ्याची भुकटी बहुतांशी कृत्रिम असते. उच्च दाब व उच्च तापमानात ती तयार करताना लोह, निकेल, कोबाल्ट असे धातू वापरले जातात आणि त्यांचे अंश कणांत राहू शकतात. असे द्रव्य रासायनिकदृष्ट्या हिराच आहे. पण ते औषधासाठी बनविलेले नाही. अशी भुकटी घ्यावयाचीच असेल तर रामन वर्णपट व जड धातूंचा तपासणी-अहवाल मागावा. हिऱ्याची रामन रेषा १३३२ या तरंगसंख्येवर येते, आणि ती इतर कोणत्याही प्रतिरूपात आढळत नाही.

रसशाळेतही एक साधी चाचणी करता येते. भुकटीचा अल्प अंश तोलून, उघड्या मूषेत, विद्युत् भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवावा. हिऱ्याची बारीक भुकटी हवेत हळूहळू जळून वायुरूप होते. काच, झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड मागे राहतात. जो अवशेष उरला तो परद्रव्याचा. मात्र कोळसाही असाच जळतो, म्हणून ही चाचणी भेसळ दाखविते. शुद्धतेचा पुरावा देत नाही.

याच गुणधर्मामुळे मारणप्रक्रियेतील वजनाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. शराव-संपुटात हवा मर्यादित असली तरी हिऱ्याचा काही अंश प्रत्येक पुटात जळू शकतो. वजन घटण्याऐवजी वाढले, तर ती वाढ भावनाद्रव्यांच्या क्षारांची आहे की खल्वाची, याचा शोध घ्यावा. अकीकाच्या खल्वाचे काठिण्य ७ च्या आसपास असते. त्यात हिरा घोटला असता हिरा फारसा झिजत नाही. झिजतो तो खल्व. तो दगड मग ‘हीरक भस्म’ या नावाने मोलाने विकला जाऊ नये.

प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा

अलीकडे प्रयोगशाळेत वाढविलेले रत्नप्रतीचे हिरेही मुबलक झाले आहेत आणि त्यांचे भाव खनिज हिऱ्याहून बरेच कमी आहेत. ही प्रतिरूपे नव्हेत. रचना, काठिण्य व गुरुत्व या सर्व बाबतींत ते हिरेच आहेत. वरील परीक्षांनी ते ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रगत उपकरणे लागतात. त्यांचे भस्म खनिज वज्राइतकेच गुणकारी होईल काय, याचे उत्तर ग्रंथांतून मिळणार नाही. ते अभ्यासाने मिळवावे लागेल. तोपर्यंत असा हिरा वापरल्यास नोंदीत तसे स्पष्ट लिहावे व खनिज हिऱ्याचा भाव देऊ-घेऊ नये.

उपसंहार

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील परिशिष्ट ‘टी’ नुसार कच्च्या मालाची ओळख पटविणे व तिची नोंद ठेवणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. आमची सूचना अशी की, वज्राच्या प्रत्येक खरेदीसाठी विक्रेता, वजन, बाह्यरूप, गुरुत्व, क्ष-किरण छायाचित्र व प्रत्येक पुटानंतरचे वजन यांची नोंद एकाच पानावर असावी, आणि मूळ द्रव्याचा एक नमुना भस्माच्या त्या घाण्याबरोबर जपून ठेवावा. जे वैद्य तयार भस्म विकत घेतात त्यांनी ही नोंद मागण्यास संकोच करू नये. मागणी होऊ लागली की नोंद ठेवली जाते, हा सर्व व्यवहारांतील अनुभव आहे.

आणि खात्रीचे वज्र मिळत नसेल तर? आपल्या शास्त्राने वज्राच्या अभावी वैक्रांत सांगितले आहे. वैक्रांताच्या ओळखीविषयी मतभेद आहेत. बहुतेक जण तुरमली घेतात. तरीही वैक्रांत म्हणून दिलेले वैक्रांत हे प्रामाणिक औषध आहे. वज्र म्हणून दिलेली काच हे कितीही पुटे दिली तरी औषध होत नाही.